उन्हातली भट्टी

तुमच्या घरातली सुरी बोथट झाली की तुम्ही काय करता? खरं सांगा. धार लावून आणता, की नवी आणून जुनी कचऱ्यात टाकता?

मी टाकत होते. इचलकरंजीच्या आमच्या घरात प्लास्टिकच्या मुठीच्या अशा कितीतरी सुऱ्या आल्या आणि गेल्या. त्या कोणी केल्या, हे कधी मनातही आलं नाही. खरं तर असले प्रश्न मला पडायलाच हवेत अशी माझी वाढ आहे. वडील छापखान्यात मशीनवर होते. यंत्रमाग कामगारांची पत्रकं तिथं छापली जायची, आणि बिघडलेले कागद आमच्या घरी यायचे, चुलीसाठी. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य ‘कमल नमन कर’ नव्हतं. ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’ हे होतं.

म्हणून हातानं सुऱ्या घडवणाऱ्यांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा मला पत्रकच सुचलं. शीर्षक गाडीत बसायच्या आधी तयार होतं: ‘हात विरुद्ध यंत्र’. माणसं तेवढी भेटायची बाकी होती. धुळ्याच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, साक्रीच्या आठवडी बाजारात अजून लोहार बसतात, ये. गेले.

धुळे

मैत्रिणीच्या घरी पहिल्याच दुपारी शेवभाजी समोर आली. आम्हा कोल्हापूरकडच्यांना तांबड्या रश्श्याचा गर्व असतो. तो इथं पहिल्या चार घासांत उतरला. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर जाड शेव, आणि तर्रीचा थर असा की ताटात माझं तोंड दिसत होतं, घामेजलेलं. मैत्रिणीची आई म्हणाली, “रडी राह्यनी का हसी राह्यनी व पोर?” मलाही नीट सांगता आलं नाही.

‘शे’ हा शब्द पहिल्या दिवशी कानाला अडखळतो. ‘आहे’ म्हणजे ‘शे’. दुसऱ्या दिवशी तो आवडायला लागतो. ‘आहे’मध्ये थोडा ताठा आहे. ‘शे’ कसं शेजारी येऊन बसतं.

संध्याकाळी जुन्या पेठेत गेलो. तिथल्या गल्ल्या नावापेक्षा नंबरानं ओळखतात. भांड्यांच्या एका दुकानात मी हातची सुरी मागितली. दुकानदारानं पुठ्ठ्याला चिकटवलेल्या रंगीत सुऱ्यांची माळ दाखवली आणि म्हणाला, “ताई, हातची सुरी घेणारे म्हातारे झाले आणि करणारेही. तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?” मी पत्रकात त्याला एक परिच्छेद द्यायचं ठरवून टाकलं.

साक्री

धुळ्याहून पश्चिमेला निघालं की जमीन उठायला लागते. माळावर पवनचक्क्या, त्यांच्या पायथ्याशी कोरडवाहू शेतं. फाल्गुन तोंडावर आला होता. पळस नुकता पेटायला लागला होता.

साक्रीचा बाजार भरला होता. लसणाच्या गड्ड्या, कांद्याचे ढीग, सुकी मासळी, डोंगरातून आलेल्या बायकांच्या टोपल्या. एका कडेला निंबाच्या झाडांखाली लोहारांची रांग, प्रत्येकाची लहानशी भट्टी आणि ऐरण. सगळे सावलीत. फक्त शेवटची भट्टी सावलीच्या बाहेर, टळटळीत उन्हात मांडलेली. तिच्यापाशी एक म्हातारा पांढरी टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. त्याच्यासमोर त्याच्याच वयाची बाई दोन्ही हातांनी घण उचलत होती.

माझं डोकं तापलं. सावलीचीसुद्धा वाटणी होते, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. मी रांगेतल्या पहिल्या लोहारासमोर जाऊन उभी राहिले. त्यांचं नाव दगाभाऊ, हे नंतर कळलं.

“भाऊ, ही सावली कोणाच्या मालकीची आहे?”

“सावलीनी मालकी?” त्यांनी वर पाहिलं. “निंबना झाडले इचार, बाई.”

“मग त्या म्हाताऱ्या जोडप्याला उन्हात कोणी बसवलं?”

दगाभाऊंची हातोडी थांबली. मला तेवढंच हवं होतं. मी बोलत सुटले. एकाच्या घामावर दुसऱ्याची सावली, बाजारातली उतरंड, सगळं. माणसं जमली. डोक्यावर लसणाची टोपली घेतलेली एक बाई शेजारणीला विचारत होती, “काय इकी राह्यनी ही?” म्हणजे विकतेय काय ही. शेजारीण म्हणाली, “माहीत नही. फुकट शे वाटस.”

शेवटी उन्हातून त्या म्हाताऱ्याचाच आवाज आला. “ओ बाई! मी मना मनथीन बसनू आठे! माले उजेड लागस!”

तो आपल्या मर्जीनं तिथं बसला होता. हशा पिकला. दगाभाऊ उठले, माझ्या खांद्यावरून बोट करून म्हणाले, “तो मना सख्खा मावसभाऊ शे. ती दख, त्यानी जागा.” मधल्या झाडाखाली, सगळ्यात दाट सावलीत, एक रिकामं गोणपाट अंथरलेलं होतं. चार कोपऱ्यांवर चार दगड. “दर बजारले अंथरतस आम्ही. तो बसस नही, आम्ही काय करूत?”

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. जमीन तापलेली होती, तेही शक्य नव्हतं.

सगळे हसत होते, घणवाली बाई सोडून. तिनं घण खाली टेकवला, मला हात केला, लोटा पुढे धरला. “बैस व पोर. घसा सुकना व्हई.” मी पाणी प्यायले. मग तिनं मला खालपासून वर न्याहाळलं. “भाषण चांगलं करस. घण उचलता येस का?”

मी उचलून पाहिला. गुडघ्यापर्यंत आला. आता मात्र तीही हसली.

या कौसाअक्का. ते नाना. त्यांच्याजवळ मी उरलेला बाजार बसून राहिले. एवढ्या हसण्यानंतर दुसरीकडे जायला जागाही नव्हती.

सुरी कशी होते ते तिथं पाहिलं. जुन्या ट्रकच्या कमानीचा पाटा, त्याचा तुकडा भट्टीत लाल होतो. नाना डाव्या हातातल्या सांडशीनं तो ऐरणीवर धरतात आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीनं एक टिचकी मारतात. जिथं टिचकी, तिथंच पुढच्या क्षणाला अक्कांचा घण. टिचकी, घण. टिचकी, घण. नानांनी हातोडी नुसती ऐरणीच्या कडेला वाजवली की घण हवेतच थांबतो. तोंडानं एक शब्द नाही. आमच्याकडे मागाच्या खडखडाटात कामगार असेच हातांच्या खुणांनी बोलायचे, जेवायला बसल्यावरसुद्धा. त्यामुळे मला ती भाषा लगेच ओळखीची वाटली.

पातं घडलं की त्याला पाणी द्यायचं. म्हणजे पुन्हा तापवून, ठरल्या रंगावर पाण्यात बुडवायचं. सगळा जीव त्यात. लोखंड कमी तापलं तर धार दुमडते. जास्त तापलं तर पातं काचेसारखं फुटतं. म्हणून इकडचं गिऱ्हाईक पातं हातात घेतं, अंगठा आडवा फिरवतं आणि सुरी कोणी केली असं विचारत नाही. विचारतं, “पानी कोनं?” पाणी कोणाचं? त्याला जे नाव मिळतं, त्या नावावर हा धंदा चालतो. दुसरी जाहिरात नाही.

“पाणी तुम्हीही देता?” मी अक्कांना विचारलं.

“बाईना घण, बाप्यानं पानी,” त्या म्हणाल्या. “आम्हनामा असंच शे.”

“का?”

“काबरं म्हणजे? शे म्हणीसन शे.”

माझ्या ओठांवर तीन पानी उत्तर आलं होतं. पण त्या बाजारात माझं भाषण एकदा होऊन गेलं होतं.

नानांच्या घरी

“आज आम्हनाकडे मुक्काम कर,” अक्का म्हणाल्या, आणि मी टेम्पोत चढले. साक्रीपासून थोड्या अंतरावरचं गाव. घरापुढे कुडाची झोपडी, तिच्यात जुनी भट्टी. पण भट्टीच्या जागी नुसतीच राख. नवी भट्टी अंगणाच्या मधोमध, उघड्यावर.

नाना पाय धुवायला गेले. अक्का चुलीशी बसल्या. परातीत कळण्याचं पीठ, ज्वारी आणि उडदाचं. आमच्या भाकरीपेक्षा ते काळपट, हाताला चिकट. मी थापून पाहिली, माझी भाकरी कडेनं फाटली. “राहू दे, गायले देऊ,” अक्का म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, “तू बजारमा इचारं ना, उनमा कोणी बसाडं?”

आणि त्यांनी सांगितलं.

नानांची नजर चालली आहे. मोतीबिंदू असता तर काढला असता. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं डोळ्याचा आतला पडदा खराब झाला, आहे तेवढी नजर सांभाळायची. नानांनी घरी येऊन सांगितलं, थोडं धूसर आहे, बाकी ठीक. आणि गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस त्यांनी भट्टी उचलून अंगणात आणली. उजेडात बरं दिसतं म्हणाले.

“आठेच चुकनं,” अक्का म्हणाल्या. “तापेल लोखंड म्हणजे दिवा शे. दिवा दिवसना कसा दखाई?”

मला समजायला थोडा वेळ लागला, म्हणून त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड बाहेर काढलं. आतल्या अंधारात त्याचं टोक डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होतं. मग त्या दारात गेल्या, मावळतीच्या उन्हात लाकूड धरलं. टोक करडं दिसायला लागलं. जसं काही विझलंच. पण बोट लावलं असतं तर भाजलं असतं.

नानांचं तेच झालं. सावलीत पातं डाळिंबासारखं लाल झालं की ते पाण्यात घालायचे, सारा जन्म. आता उन्हात तो रंग दिसत नाही, म्हणून ते आणखी तापवत राहतात. त्यांना लाल दिसतं तोवर पातं पळसाच्या फुलासारखं केशरी झालेलं असतं. वाढत्या अंधाराला माणूस उजेडानं हरवायला गेला, आणि लोखंडाच्या कामात उजेडच आंधळा निघाला.

मागच्या खेपेला मुक्ताईनगरकडच्या केळीबागांसाठी दिलेल्या सुऱ्या अशा निघाल्या. केळीच्या घडावरून फण्या सोडवायची आखूड, वाकडी सुरी असते. तिचा नाजूक वाकच फुटला. कापणीच्या टोळीच्या मुकादमानं सगळ्या गोणीत भरून परत पाठवल्या. भांडला असता तर बरं झालं असतं, अक्का म्हणाल्या. त्यानं नुसता निरोप दिला: नाना, अजून एक खेप पाहू.

बाजारात आता विळ्याला धार लावण्यापुरतेच लोक येतात. घर चालतं ते केळीवाल्यांवर. नवी खेप घडवून झाली होती. पाणी तेवढं बाकी होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. उन्हात.

“तुम्ही त्यांना सांगत का नाही?” मी विचारलं. माझा आवाज चढलाच. “तुम्हाला रंग कळतो. तुम्हाला सगळं कळतं!”

अक्कांनी भाकरी उलटली. “सांगू? जनमभर त्याना समोर उभी शे मी. त्याले माहीत नही का? बठ्ठं माहीत शे त्याले.” त्यांनी भाकरी निखाऱ्याला लावली, ती फुगली. “पन मी सांगं, तर त्याले ऐकनं पडी.”

नाना पाय पुसत आत आले. आम्ही जेवलो. डुबुकवड्यांची आमटी, ठेचा, कांदा. नाना मला म्हणाले, “खा, बाई. सावली फुकट शे आठे.” आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. अक्का त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होत्या, भाकरी थापायच्याच हातांनी.

सकाळी मला जाग आली ती ओढण्याच्या आवाजानं. अक्का एकट्या भट्टीचं पत्र्याचं घमेलं झोपडीकडे ओढत होत्या. मी धावले. आम्ही दोघींनी भट्टी जुन्या जागी नेली, मग भात्याचा हातानं फिरवायचा पंखा, मग पाण्याची बादली. नाना दारात उभे होते.

“हाई काय?”

“माले ऊन सोसत नही आते,” अक्का म्हणाल्या.

“घण मारना नही आज. तुले काय ऊन?”

“तरी.”

“सावलीमा माले काय दखास?” नाना एकदम ओरडले.

शेजारच्या गोठ्यात वासरू हंबरत होतं. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. जे इतके महिने घरात कोणी बोललं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच बोलून टाकलं होतं.

“माले दखास ना,” अक्का म्हणाल्या.

इतक्या हळू की मी शेजारी नसते तर मला ऐकू आलं नसतं. नानांना मात्र आलं. ते खाली वाकून झोपडीत शिरले आणि आपल्या जागी बसले. अक्का रोजच्या सवयीनं ऐरणीच्या पलीकडे, त्यांच्यासमोर गेल्या. तिथून रंग नीट दिसत नव्हता. मग त्या फिरून अलीकडे आल्या आणि नानांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसल्या. मला वाटतं, त्या ऐरणीनं त्यांना एका बाजूला पहिल्यांदाच पाहिलं.

मी पंखा फिरवत होते. पहिलं पातं तापलं.

“थांब,” अक्का म्हणाल्या. “थांब. अजून काळं शे. थांब... आते!”

नानांनी पातं पाण्यात घातलं. चर्रर्र झालं. त्यांनी ते बाहेर काढून कानस लावली, आणि मान हलवली. उशीर झाला होता. अक्कांच्या डोळ्यांनी पाहायचं, तोंडानं सांगायचं, नानांच्या कानांनी ऐकायचं, मग हातानं हलायचं. रंग एवढा वेळ थांबत नाही.

दुसरंही तसंच. नानांनी ते फेकलं नाही, बाजूला ठेवलं, अगदी हळू. तिसरं पातं भट्टीत होतं. अक्का त्याच्याकडे बघत होत्या, नाना अक्कांच्या दिशेला.

“सांडशी दे,” अक्का म्हणाल्या.

नानांनी सांडशी सोडली नाही. मी पंखा फिरवायची थांबले होते, हे मला निखारे काळे पडल्यावर कळलं. माझ्या डोक्यात सगळी पत्रकं एका वेळी उठून उभी राहिली होती. त्यातलं एकही वाक्य तिथं उच्चारण्यासारखं नव्हतं.

“पंखा फिरव, बाई,” नाना मला म्हणाले. मग म्हणाले, “नही, सोड. तुना हात एकसारखा नही.” आणि त्यांनी सांडशी अक्कांच्या हातात दिली, सरकत माझ्या जागेवर आले आणि पंख्याची मूठ धरली. आमच्याकडे मागावर नव्या पोराला बसवतात, तशी ती जागा. तिथं बसून ते एकसारखा पंखा फिरवायला लागले.

अक्कांनी पातं उचलून पाण्यात घातलं ते कोणालाही न विचारता. आवाज वेगळा आला. आखडलेला, थोडक्यात संपणारा. नानांनी मान वर केली.

“हाई बराबर,” ते म्हणाले.

पुढच्या पात्याला अक्का एकदम तडकल्या, “जोरमा फिरव ना! झोपना का?” आणि नाना हसत म्हणाले, “पानी देवाले लागनी तर मुकादमीन व्हयी गयी!”

जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर

मुठी अंजनाच्या लाकडाच्या. त्या बसवून झाल्यावर आम्ही तिघं पूर्वेला निघालो. मी का गेले? पत्रकासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मुकादम काय म्हणतो ते कळल्याशिवाय मला घरी जाणं शक्य नव्हतं.

जळगावला एका ओळखीच्यांकडे भरीत खाल्लं. इथलं वांगं पांढरट हिरवं, हातभर लांब. ते काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. केळीच्या पानावर भरीत, शेजारी कळण्याच्या पुऱ्या. आमच्याकडे भरीत म्हणजे तोंडीलावणं. इथं भरिताला बाकीचे पदार्थ तोंडी लावतात. नानांनी तीनदा घेतलं. अक्का “साखर, साखर” म्हणत राहिल्या आणि नाना “यामा कोठे साखर शे?” म्हणत राहिले.

भुसावळला गाडी बदलताना सुऱ्यांचं बोचकं माझ्याकडे होतं. पोलिसानं ते उघडायला लावलं. इतक्या सुऱ्या पाहून त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी नागरिकांच्या हक्कांबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का पुढे झाल्या. “केळी कापानं शे, दादा. माणूस कापाले हाई पुरत नही, बुटकी शे.” पोलीस हसला, बोचकं बांधून दिलं. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. “बागमा गये की तोंड उघाडानं नही. आन घे मनी.”

मी आण घेतली.

मुक्ताईनगरला नाना मुक्ताईच्या मंदिरात जाऊन आले. तिथून पुढे केळीचं रान. उसाच्या मुलखात वाढलेल्या मला ते फार मऊ वाटलं. ऊस अंगाला कापतो. केळीची पानं वरून हात ठेवल्यासारखी असतात, आणि आत शिरलं की उन्हाचा रंगच हिरवा होतो.

मुकादम सोपानभाऊ, धिप्पाड माणूस, केळीच्या चिकानं काळे झालेले कपडे. बोली आता बदलली होती. “या नाना, या. अक्काले बी आणलं का? अन् ही कोण?”

“पाव्हणी शे,” अक्का म्हणाल्या. “बोलत नही.”

सोपानभाऊंनी बोचक्यातून एक सुरी उचलली. एक घड उलटा टांगलेला होता. त्यांनी दांड्याशी सुरीचा वाक लावला आणि मनगट फिरवलं. फणी अलगद हातात आली. दुसरी, तिसरी. शेवटची फणी उतरल्यावर त्यांनी मुद्दाम सुरी घडाच्या दांड्यात रुतवून पिळली. मागच्या खेपेला इथंच फुटली होती. अक्कांनी माझं मनगट धरलं होतं. माझी बोटं बधिर झाली.

सुरी फुटली नाही. सोपानभाऊंनी ती पुसली, अंगठा आडवा फिरवला, आणि सगळे विचारतात तेच विचारलं.

“बेस हाये. पाणी कोणाचं?”

नानांना ‘मनं’, म्हणजे माझं, म्हणता आलं असतं. कोणालाही कळलं नसतं. अक्का खाली मान घालून उभ्या होत्या, आणि मला वाटतं त्या त्यांच्या तोंडून तेच ऐकायची वाट पाहत होत्या.

“हिनं,” नाना म्हणाले.

सोपानभाऊ हसले. फण्या धुणाऱ्या बायका मान वळवून बघायला लागल्या. “काय नाना, थट्टा करता का? बाईचं पाणी? मागच्या येळी तं...”

“मांगला येळनं पानी मनं व्हतं,” नाना म्हणाले. “तेच तुटनं.”

सोपानभाऊंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी नानांच्या डोळ्यांकडे पाहिलं, नीट, जवळ येऊन. नानांनी पाहू दिलं. मग ते अक्कांकडे वळले, सुरीकडे बघितलं, आणि डोकं खाजवलं.

“नाना, मी ठेवतो ह्या,” ते म्हणाले. “पण दुसऱ्या टोळ्यांले तुमचंच पाणी सांगू. माणसं हाये बापा. बाईचं म्हटलं तं हात लावणार नाही.”

अक्का चटकन म्हणाल्या, “सांगा भाऊ. तसंच सांगा.”

“नही,” नाना म्हणाले. “तसं सांगानं नही. मनं नाव तुटेल लोखंडवर गये. आते जे बराबर शे, त्यावर हिनंच.”

फण्या धुणाऱ्या बायकांमधून एक म्हातारी बोलली, “मंग सांग ना सोपान, अक्काचं हाये म्हणून. तुले काय जीभ जड झाली का?” बाकीच्या हसल्या. सोपानभाऊंनी आपल्या टोळीपुरत्या सुऱ्या ठेवून घेतल्या. उरलेल्या बोचक्यात परत बांधल्या गेल्या. अर्ध्याहून जास्त.

परतीच्या गाडीत अक्का चिडल्या होत्या. “नावले काय चाटानं शे? घर कसं चाली?” नाना खिडकीकडे तोंड करून बसले होते, जिथून त्यांना फारसं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं अक्कांनी पदरातून केळं काढलं, सोललं, अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. “पाव चमचा साखर शे यामा,” त्या म्हणाल्या. “खाय.”

मी घेतलेली आण त्यांनी जळगावला सोडवली. मी एवढंच विचारलं, की मी हे लिहू का. अक्का म्हणाल्या, “लिव्ह. पन भाषण नको करजो.”

म्हणून ‘हात विरुद्ध यंत्र’ मी छापलं नाही. त्या शीर्षकात शत्रू फार सोपा होता. कौसाअक्कांच्या सुऱ्या यंत्रानं परत पाठवल्या नाहीत. त्या माणसांनी परत पाठवल्या, पातं चांगलं आहे हे कळल्यावर. हे माझ्या पत्रकांमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. आता लिहिते आहे, आणि त्या माणसांमध्ये तुम्ही आहात, मी आहे.

साक्रीच्या बाजारात ती दोघं आता मधल्या निंबाखाली बसतात. तुम्ही त्या वाटेनं गेलात तर थांबा. पातं हातात घ्या, अंगठा फिरवा, आणि चार माणसांना ऐकू जाईल असं विचारा, पाणी कोणाचं? अक्का आधी गप्प राहतील. घाई करू नका. त्या ‘मनं’ म्हणाल्या की हसू नका, आणि खात्री करून घ्यायला नानांकडे बघू नका. अक्कांकडे बघा, आणि सुरी घ्या.